बीडचा आकडा आणि जवसाची चटणी

बीड जिल्ह्याचं नाव बातम्यांत येतं ते बहुधा दुष्काळ, ऊसतोड नाहीतर राजकारणापायी. २०२० साली मात्र ते एका निराळ्याच यादीत झळकलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमानं २०१२ ते २०१६ या वर्षांचा देशभरचा हिशेब मांडला होता. लोकसंख्येतला वयाचा फरक काढून टाकल्यावर दर लाख पुरुषांमागे वर्षाला किती नवे कर्करोगी सापडतात, तर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात २६९.४ आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ३९.५. बायकांमध्ये अरुणाचलच्या पापुमपारे जिल्ह्यात २१९.८ आणि उस्मानाबाद-बीडमध्ये ४९.४. नोंद होणाऱ्या सगळ्या भागांत पहिले आकडे सर्वांत वरचे आणि उस्मानाबाद-बीडचे सर्वांत खालचे.

एरवी शेवटच्या नंबराची सवय झालेल्या जिल्ह्याला शेवटचा नंबर पहिल्यांदाच मानाचा वाटावा, असा हा प्रकार. जिल्ह्यातल्याच माजलगावच्या एखाद्या पारावर हा आकडा सांगितला, तर कारण शोधायला कुणी ग्रंथालयात जाणार नाही. जुनं खाणं! ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, ताक, अंबाडीची भाजी. गेल्या चाळीसेक वर्षांत आतड्यातल्या जिवाणूंवर जे संशोधन झालं, त्यानं या पारावरच्या उत्तराला थोडं शास्त्रीय बळही दिलं आहे, खास करून स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत. म्हणूनच ते उत्तर नीट तपासायला हवं. खाणं कोणतं होतं, ते ताटातून कधी गेलं, आणि आकड्याशी त्याचं नातं कितपत जुळतं?

आधी आकड्याचा उगम. मुंबईत कर्करोगाची पहिली नोंदवही डॉ. दारा जस्सावाला यांच्या पुढाकारानं १९६३ मध्ये सुरू झाली. शहरात रुग्णालयं होती, केसपेपर होते, मृत्यूचे दाखले होते. खेड्यात यातलं फारसं काहीच नव्हतं. तरीही १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण नोंदवही उभी राहिली. डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावांत माणसं धाडत. ही माणसं चावडीवर, शाळेत, देवळात सभा घ्यायची, गाठ, न भरणारी जखम, अंगावरून जाणारं रक्त यांची माहिती सांगायची आणि त्यातूनच रुग्ण शोधायची. कागदाची वाट पाहिली असती तर नोंदवही कोरीच राहिली असती. पुढे याच कामाचा पसारा उस्मानाबाद आणि बीडपर्यंत आला. तेव्हा हा आकडा कुणी कचेरीत बसून काढलेला नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येतं. विरुद्ध बाजूनंही म्हणण्यासारखं आहे. गाठीचा तुकडा तपासायला तालुक्याच्या ठिकाणी सोय नसेल, तर काही दुखणी निदानाशिवायच संपतात, आणि निदान न झालेला रोग कुठल्याच वहीत येत नाही.

आता ताटाकडे. माजलगाव सिंदफणेच्या काठी वसलं आहे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. काळीभोर, भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी ही जमीन म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं माहेर. निजामाच्या राज्यातही तेच पीक, १९४८ नंतरही तेच. ज्वारीच्या पाटात करडई आणि जवसाच्या ओळी असायच्या. करडई काटेरी, म्हणून जनावरं आत शिरत नसत. तिचं तेल घाण्यावरून घरी यायचं. जवस निळ्या फुलांचं, नाजूक, कमी पाण्यात येणारं. धान्य पेवात, कडबा गंजीत आणि जवस गाडग्यात.

चटणीची रीत अजूनही जुन्या घरांत तीच आहे. जवस तव्यावर मंद आचेवर भाजायचं. तडतडायला लागलं की उतरवायचं. थोडं पुढं गेलं तर कडू होतं. मग सुकी लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून उखळात कुटायचं. कुटताना तेल सुटतं आणि मुसळाला चटणी चिकटू लागते. भाकरीवर चटणी, चटणीत बोटानं केलेल्या खळग्यात करडईचं तेल, बाजूला कांदा. कोरड्यास असलं तर उत्तम, नसलं तरी जेवण झालं. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील, ते पीठ रात्रभर ताकात आंबवलेलं. दिवाळीनंतर हुरडा. सणाला पुरण, आणि पाहुणा आला तर येसराची आमटी.

या ताटाची कुणी स्तुती करत नसे. गहू म्हणजे सणाचं धान्य, तांदूळ म्हणजे श्रीमंती आणि भाकरी-चटणी म्हणजे गरिबी, हीच प्रतवारी होती. या ताटाचं कौतुक त्यातली पिकं गेल्यावर सुरू झालं.

आतड्यातल्या जिवाणूंचा आणि स्तनाच्या रोगाचा संबंध काय, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. १८९५ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं स्तनाचा कर्करोग पसरलेल्या बाईची अंडाशयं काढली आणि गाठी आकसल्या. अंडाशयातून निघणारं काहीतरी या रोगाला खाद्य पुरवतं, हे तेव्हा कळलं. त्या ‘काहीतरी’ला पुढे इस्ट्रोजेन हे नाव मिळालं. शरीर हे इस्ट्रोजेन वापरून झालं की यकृत त्याला एक साखरेसारखा रेणू जोडतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडून देतं, म्हणजे ते मळावाटे बाहेर पडावं. आतड्यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर असतं. ते हा रेणू कापून टाकतं. मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरतं. बाहेर काढलेला माल मागच्या दारानं परत घरात यावा, तसा हा व्यवहार.

यावरचा एक जुना प्रयोग अजूनही वाचण्यासारखा आहे. बॅरी गोल्डिन, शेरवूड गोर्बाक आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमध्ये दहा शाकाहारी आणि दहा मांसाहारी तरुण बायकांचं रक्त, लघवी आणि मळ तपासला. निबंध १९८२ मध्ये आला. शाकाहारी बायकांचा मळ वजनानं जास्त होता, त्यातून बाहेर पडणारं इस्ट्रोजेन जास्त होतं आणि रक्तातलं कमी होतं. वीस बायकांवर कुणी सिद्धान्त उभारू नये, पण दिशा दिसली. डेनिस बर्किट हा सर्जन त्याच सुमारास आफ्रिकेतल्या खेड्यांचा अनुभव सांगत चोथायुक्त अन्नाची बाजू जगभर मांडत होता. २०११ मध्ये प्लॉटेल आणि ब्लेझर या शास्त्रज्ञांनी इस्ट्रोजेनवर काम करणाऱ्या जिवाणूंच्या जनुकसंचाला ‘इस्ट्रोबोलोम’ म्हटलं, आणि विषयाला पाटी लागली.

जवसाचा संबंध येतो तो फिनलंडमधून. हेलसिंकीचे हर्मन अ‍ॅडलरक्रॉइट्झ लघवीतल्या संप्रेरकांचा अभ्यास करत होते. १९८० मध्ये त्यांच्या आणि केनेथ सेचेल यांच्या गटानं माणसाच्या लघवीत लिग्नान गटातले रेणू सापडल्याचं जाहीर केलं. एन्टेरोलॅक्टोन हा त्यातला मुख्य. हा रेणू माणसाचं शरीर बनवत नाही. वनस्पतीतल्या लिग्नानांवर आतड्यातले जिवाणू काम करतात, तेव्हा तो तयार होतो. इस्ट्रोजेनशी त्याचं थोडं साम्य असतं, पण त्याचा जोर फार कमी, त्यामुळे तो काही ठिकाणी इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतो, अशी कल्पना आहे. आणि लिग्नान सर्वांत जास्त कशात? जवसात, तेही मुख्यतः त्याच्या टरफलात. अख्खं जवस बरंचसं तसंच पोटातून निघून जातं. दळलं किंवा कुटलं तरच जिवाणूंच्या हाती लागतं. उखळात जवस कुटणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. ती चवीसाठी कुटत होती.

ज्वारीचंही असंच. तिच्या पिठातला न पचणारा भाग मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं बनतात. आतड्याचं अस्तर त्यांच्यावर जगतं आणि शरीरातला दाह आटोक्यात राहायला त्यांची मदत होते. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जिवाणू ठळकपणे आढळतो, आणि त्याची सांगड धान्य-कडधान्याच्या आहाराशी घातली जाते. पुण्यात योगेश शौचे यांच्या गटानं एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांच्या आतड्यातले जिवाणू तपासून २०१२ मध्ये निबंध लिहिला. घर एक, चूल एक, तरी आजोबा आणि नातवाचे जिवाणू सारखे नव्हते. एकत्र कुटुंब ही शास्त्रज्ञाला आयती मिळालेली प्रयोगशाळा आहे, हे आपल्याकडेच सुचावं.

इथपर्यंत पारावरचं उत्तर बरोबर निघाल्यासारखं वाटतं. पण जरा थांबायला हवं: स्तनाचा कर्करोग आणि सूक्ष्मजीव यांची जोडी लावण्याचा एक जुना प्रयत्न मुंबईत झालेला आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. जॉन बिट्नर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं की रोगट वाणाच्या पिलांना निरोगी वाणाच्या मादीचं दूध पाजलं तर रोग घटतो; दुधातून काहीतरी जातं. ते काहीतरी विषाणू निघाला. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि हा विषाणू यांचा मेळ कसा बसतो, हा रणदिवेंच्या कामाचा गाभा होता.

मग साहजिकच प्रश्न आला: बायकांमध्येही असंच आहे का? मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचं दिसत होतं. तेव्हा पारशी मातांचं दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेलं. अमेरिकी आणि मुंबईकर शास्त्रज्ञांचा निबंध १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, विषाणूसारखे कण दिसल्याचं त्यात म्हटलं होतं. जगभर खळबळ उडाली. पुढे मात्र माणसातल्या रोगाचं कारण म्हणून तो विषाणू सिद्ध झाला नाही. पारशी बायकांच्या बाबतीत उशिरा लग्न आणि थोडी मुलं हे साधं कारण जास्त टिकलं. आणि ज्या दुधावर संशय घेतला गेला, त्याचंच पारडं २००२ मध्ये जड झालं. तीस देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा: अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आईचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो, शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे सात टक्क्यांनी.

बीडचा आकडा समजून घ्यायला ही दोन वाक्यं जवसाच्या गाडग्याहून अधिक कामाची आहेत. नोंदवहीत २०१२ ते २०१६ या काळात आलेल्या पन्नाशी-साठीच्या बायकांची लग्नं लहान वयात झालेली, पहिलं मूल विशीच्या आत-बाहेर, तीन-चार बाळंतपणं, आणि दुसरं मूल येईपर्यंत पहिलं अंगावर. स्तनाच्या कर्करोगापासून यातून संरक्षण मिळतं. इतर बाबतीत याची किंमत त्या बायकांनी काय मोजली, ते वेगळं सांगायला नको.

ताट बदललं ते एका दिवसात नव्हे, पण तारखा सांगता येतात. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच उरली नाही. लोकांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली आणि खडी फोडायच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढले. ‘जुनं सकस खाणं’ म्हणताना हा काळ सोयीनं विसरला जातो. पैठणच्या जायकवाडी धरणाचं भूमिपूजन १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं होतं. त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणजे सिंदफणेवरचं माजलगाव धरण. ते १९८७ मध्ये पुरं झालं. योगायोगानं बार्शीची नोंदवहीही त्याच वर्षीची. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणी इथवर येऊ लागलं. ज्या रानात ज्वारी-जवस होतं तिथं पाणी आलं, आणि पाण्यामागे ऊस. जवळ तेलगावला साखर कारखाना. पुढे बीटी कापूस, मग सोयाबीन.

सोयाबीनची गंमत वेगळीच आहे. सोयाबीनमधल्या डेड्झेइन या द्रव्यापासून काही लोकांच्या आतड्यातले जिवाणू इक्वोल बनवतात. जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना ते जमतं, पाश्चात्त्य देशांत पाव-तिसऱ्या हिश्शाला. जपानी बायकांना हा रोग कमी का, या चर्चेत इक्वोलचं नाव नेहमी येतं. माजलगावच्या शिवारात मैलोगणती सोयाबीन उभं असतं, पण ते आडतीवरून थेट तेलगिरणीत जातं. पेंड कोंबड्यांना, आणि शुद्ध केलेलं तेल पिशवीतून परत गावात. डेड्झेइन तेलात उतरत नाही. पेरणाऱ्याच्या पोटात त्यातलं काहीच पोचत नाही.

करडई आणि जवस तर शिवारातून जवळजवळ गेलंच. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागल्यावर भाकरी थापणं हे जास्तीचं काम झालं.

तालुक्यात ऊस आला तरी ऊस तोडायला बाहेर जाणं थांबलं नाही, हा बीडचा उफराटा न्याय. पावसाळ्याच्या शेवटी मुकादम उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. घरून नेलेली ज्वारी-बाजरीची पोती, कोपीपुढची तीन दगडांची चूल, पहाटेच्या अंधारात थापलेल्या भाकऱ्या, मग दिवसभर तोड, मोळ्या बांधणं आणि गाडी भरणं. दुखलं-खुपलं तर मेडिकलमधून गोळी. खाडा केला तर दंड. विरोधाभास असा की जुनं धान्य सर्वांत जास्त टिकलं ते याच बायकांच्या ताटात, आणि तब्येतीची सर्वांत जास्त हेळसांड झाली तीही त्यांचीच.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या चौकशीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. अनेकींची वयं तिशी-पस्तिशीतली. गर्भाशय मुखासकट काढलं की त्या मुखाचा कर्करोग होण्याचा प्रश्नच उरत नाही. सोबत अंडाशयंही काढली असतील तर, बीटसननं दाखवल्याप्रमाणे, इस्ट्रोजेनचा मुख्य झराच आटतो आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो. बदल्यात हाडं ठिसूळ होतात, हृदयावर ताण येतो. देशात सर्वांत कमी असलेल्या आकड्यात या शस्त्रक्रियांचाही वाटा असू शकतो. भाकरीचं कौतुक करताना ही नोंद डोळ्याआड करून चालणार नाही.

मेडिकलमधल्या गोळीचाही जिवाणूंशी संबंध आहेच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका अभ्यासानं २००४ मध्ये दाखवलं की ज्या बायकांनी अँटिबायोटिक जास्त घेतली त्यांच्यात स्तनाचा कर्करोग जास्त आढळला. गोळ्यांनीच तो झाला, असं मात्र त्या शास्त्रज्ञांनी म्हटलं नाही; ज्या दुखण्यासाठी गोळ्या घेतल्या तेही कारण असू शकतं. फिनलंडमध्ये अँटिबायोटिक घेतल्यावर रक्तातलं एन्टेरोलॅक्टोन घटल्याचं दिसलं. व्हर्जिनिया विद्यापीठात मेलनी रुटकोव्स्की यांच्या गटानं उंदरांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिकनं विस्कटले, तेव्हा संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग अधिक पसरला. हे २०१९ चं काम. जॉन्स हॉपकिन्समध्ये शीतल परिडा आणि दीपाली शर्मा यांनी २०२१ मध्ये आतड्यातल्या एका विषारी बॅक्टेरॉइड्स जिवाणूचं विष स्तनाच्या पेशींना कसं चेतवतं ते दाखवलं. उलट हंगेरीत पेटर बाय यांच्या गटाला लिथोकोलिक आम्ल आणि कॅडाव्हरिन ही जिवाणूंची उत्पादनं कर्कपेशींचा जोर कमी करताना दिसली. यातलं बरंचसं काम उंदरांत आणि काचेच्या बशीत झालेलं आहे. माणसांतले अभ्यास लहान आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात पाळी गेलेल्या ४८ रुग्ण आणि ४८ निरोगी बायका होत्या. रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंचं वैविध्य कमी होतं. रोगानं ते कमी झालं की ते कमी होतं म्हणून रोग झाला, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

आतड्याचं गूढ सुटेपर्यंत थांबायची गरज नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा प्रयोग झाला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. स्तनासाठी टाटा रुग्णालयानं मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेला प्रयोग आणखी साधा होता: यंत्र नाही, एक्स-रे नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकेनं दर दोन वर्षांनी हातानं तपासायचं. दीड लाखाहून अधिक बायका, वीस वर्षांचा पाठपुरावा. २०२१ मध्ये निकाल आला. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

सरकारी कार्यक्रमात आता तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या स्तनांची तपासणी गावपातळीवर व्हायची आहे. माजलगाव, धारूर, वडवणीच्या वाड्या-तांड्यांत त्यासाठी वेळापत्रक वेगळं लागेल. दिवाळीपासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, तिथली निम्मी दारं कुलूपबंद असतात. सेविकेनं जायचं तर आषाढ-श्रावणात, नाहीतर थेट उसाच्या फडावर.